पोस्टमास्तरांचा देवाकडे अर्ज

काशिनाथ वायंगणकरांनी पोस्टकार्ड वाचलं, उलटून पाहिलं, त्यावरचा शिक्का नीट उमटलाय ना याची खात्री केली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शिक्का त्यांनीच मारला होता. गावचं पोस्ट त्यांच्याच घराच्या पडवीत होतं, त्यामुळे स्वतःच्या नावाचं पत्र थैलीतून स्वतः काढायचं, त्यावर स्वतः शिक्का मारायचा आणि मग उंबरठा ओलांडून घरात जाऊन ते घेणारा म्हणून घ्यायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. शिक्का न मारता पत्र वाचलं असतं तर कोण बघायला येणार होतं? पण नाही. नियम म्हणजे नियम.

पत्र खाडीपलीकडच्या हायस्कुलातून आलं होतं. उन्हाळ्यात तिथली एक भिंत बसली, म्हणून जूनमध्ये उघडायची शाळा जुलैवर गेली होती. आता भिंत उभी राहिली होती आणि हेडमास्तरांनी कळवलं होतं, की सोमवार दिनांक तेरा जुलै रोजी सकाळी नऊ वाजता शाळा उघडेल, नववी आणि अकरावीच्या विद्यार्थ्यांनी पालकासह हजर राहावं, आणि जो हजर राहणार नाही त्याचं नाव कमी करून त्याची जागा दुसऱ्या गरजू विद्यार्थ्याला देण्यात येईल. दुसरे गरजू विद्यार्थी सतरा होते, तेही खाली लिहिलं होतं.

काशिनाथरावांचा मुलगा सत्यवान अकरावीत जायचा होता आणि मुलगी तुळसा नववीत. वायंगणकरांच्या घराण्यात आजवर कुणी अकरावीचा वर्ग आतून पाहिला नव्हता. काशिनाथराव स्वतः सातवीच्या परीक्षेवर पोस्टमास्तर झाले होते आणि ते त्यांना पुरलंही होतं, पण मॅट्रिकच्या वर्गात आपल्या हातानं मुलाला नेऊन बसवायचं, हेडमास्तरांसमोर खुर्चीवर बसून 'हा माझा चिरंजीव' म्हणायचं, याची त्यांनी मनातल्या मनात इतकी तालीम केली होती की खुर्ची कुठल्या बाजूला असेल हेही ठरलेलं होतं. त्यासाठी त्यांनी लग्नातला काळा कोट उन्हात टाकून ठेवला होता.

"आठ दिवस आहेत," ते घरात येऊन म्हणाले. एरवी घरात ते चारचौघांसारखे मालवणीत बोलत, पण पोस्टाचा अंमल अंगात आला की त्यांची भाषा एकदम पुस्तकी व्हायची. "मुलं कुठे आहेत?"

"एक निजलो हा आणि दुसरी आंब्यार आसा," सुभद्राबाई चुलीपाशी बसल्याबसल्या म्हणाल्या.

"जुलै महिन्यात आंब्यावर काय करते?"

"माका काय म्हायत? आंबे संपले, पण चेडवाची सवय संपाक नाय."

तीन महिन्यांच्या सुट्टीत मुलांची जी काही अवस्था झाली होती, ती बघून कुठल्याही बापानं कपाळाला हात लावला असता. सत्यवान एप्रिल-मे रोज पहाटे रापणीवर गेला होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं ते लांबलचक जाळं. त्याच्या दोराला जो हात लावील त्याला मासळीचा वाटा. सत्यवाननं इतका हात लावला, की घरात दोन महिने मासळी विकत आणावी लागली नाही आणि त्याचे खांदे रुंद होऊन गेल्या वर्षीचा सदरा पाठीवर टरकला. मग जूनमध्ये चढणीचे मासे पकडायला ओढ्यात. आता ओढा भरून वाहत होता, त्यामुळे त्याला झोपण्यापलीकडे काही उद्योग उरला नव्हता. तुळसा चौदाची. तिनं सुट्टीत पुस्तकाला हात लावला नव्हता असं नाही; दोन पुस्तकं तिनं फणसाच्या गऱ्यांवर झाकण म्हणून ठेवली होती. शिवाय तिला उलट बोलायची कला साधली होती, आणि ती कला दिवसेंदिवस बहरत चालली होती.

काशिनाथरावांनी पोस्टाच्या जुन्या फॉर्माच्या पाठीवर आठ दिवसांचा कार्यक्रम आखला. पहाटे पाचला उठणे. पाचवीस ते सहा पाढे. सहा ते सात इंग्रजी स्पेलिंग. पुढचं त्यांनी लाल शाईनं लिहिलं होतं, त्यामुळे ते जास्त महत्त्वाचं असावं, पण तिथपर्यंत कुणी वाचलंच नाही.

पहिल्या दिवशी पहाटे पाचला हाका मारमारून त्यांचा घसा बसला. सत्यवाननं कूस बदलली एवढीच प्रगती. तेव्हा त्यांना पोस्टाच्या कोपऱ्यात पडलेली घुंगरांची काठी आठवली. पूर्वी डाक घेऊन येणारा हरकारा ती आपटत यायचा, आणि अवेळी आपटली तर तार आली समजायचं. ती त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे पडवीत उभं राहून दणदण आपटली. सत्यवान हलला नाही. पण त्या घुंगरांचा आवाज गावाला काय माहीत नव्हता होय? शेजारची मथुराकाकू पदर सावरत, रडतच धावत आली. तिचा मुलगा बोटीवर कामाला.

"मास्तरानू, माझ्या झिलाची तार इली काय ओ? सांगा, मी खंबीर आसंय!"

आणि 'खंबीर आसंय' म्हणून ती मटकन पायरीवर बसली. तिच्या मागोमाग अख्खी वाडी. कुणी कंदील आणला, कुणी मथुराकाकूला पाणी पाजलं. तार वगैरे काही नाही, आपण मुलांना पाढ्यांसाठी उठवत होतो, हे काशिनाथरावांना बावीस माणसांसमोर सांगावं लागलं. माणसं कंदील वर धरून नुसती बघत राहिली, आणि ते फार वाईट. या गडबडीत तुळसा मात्र उठली होती.

"सतराचा पाढा म्हण," काशिनाथराव करड्या आवाजात म्हणाले.

"पाढे माका येतत, बाबा. पण सकाळी पाचाक ते निजलेले असतत."

वाडीतली माणसं तेवढ्यावर हसून घरोघर गेली.

मग कपड्यांचं निघालं. सत्यवानचा पांढरा लेंगा घोट्याच्या वर वीतभर उभा राहत होता. मालवणच्या शिंप्याकडे नवा शिवायला टाकला तर तो 'गणपतीक देतंय' म्हणाला, आणि गणपतीला दोन महिने होते. शेजारचा बाबली तेव्हा पायरीवर विडी ओढत बसला होता. बाबलीनं तीस वर्षं गलबतावर काढली होती, आणि जगातला कुठलाही प्रश्न गलबतावर एकदा येऊन सुटलेला आहे, अशी त्याची समजूत होती.

"मास्तरानू, वादळात फाटलेला शीड मी धावत्या गलबतार शिवलंय. लेंगो म्हंजे काय? दोन पायांचा शीड!"

काशिनाथरावांनी होय म्हणायला नको होतं. पण त्यांना वाटलं, खाली चार बोटं पट्टी लावायची, त्यात काय बिघडायचंय? बाबलीनं खऱ्याखुऱ्या शिडाच्या कापडाची पट्टी, खऱ्याखुऱ्या शिडाच्या दोऱ्यानं, दुहेरी टाक्यांत बसवली. लेंगा मजबूत झाला यात शंका नाही. तो जमिनीवर ठेवला तर आत कुणी नसताना उभा राहायचा. सत्यवाननं तो घालून अंगणात दोन पावलं टाकली तर कोंबड्या माडाखाली पळाल्या.

"आये, वारो सुटलो तर ह्यो लेंगो माझ्याआधी शाळेत पोचतलो," सत्यवान म्हणाला.

सुभद्राबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. त्यांनी मुकाट्यानं रात्रीत ती पट्टी उसवली आणि आपल्या जुन्या पांढऱ्या लुगड्याची लावली. हे काम त्यांनी पहिल्या दिवशीच केलं असतं, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

शनिवार उजाडला तेव्हा कार्यक्रमपत्रिकेतलं एकच कलम पार पडलं होतं, आणि तेही काशिनाथरावांपुरतं: ते रोज पहाटे पाचला उठत होते. त्या दिवशी सत्यवान जेवताजेवता सहज म्हणाला, "बाबा, सोमवारी जावचा ता खरा. पण देवाक इचारलास?"

त्याला दोन दिवस लांबवायचे होते, एवढंच. पण प्रश्न बिनतोड होता. त्या गावात नांगर धरायचा तर रवळनाथाला विचारून, होडी पाण्यात लोटायची तर रवळनाथाला विचारून, पोरीला स्थळ बघायचं तर रवळनाथाला विचारून. लवू गुरव देवाच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूला ओल्या पाकळ्या लावायचा, गाऱ्हाणं घालायचा आणि सगळे श्वास रोखून बघायचे. उजवी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही. हा कौल. गेल्या वर्षी काशिनाथरावांनी न विचारताच पोरांना शाळेत धाडलं होतं, आणि सत्यवानला गणितात अकरा गुण पडले, ही गोष्ट वाडीत कुणी विसरलं नव्हतं.

काशिनाथरावांनी मात्र यात संधी पाहिली. देवाचा हुकूम एकदा मिळाला की मग पोरांची काय बिशाद कां कू करायची! देव नाही म्हणेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. शिक्षणाला देव कशाला नाही म्हणेल?

शिवाय, आणि इथंच खरं घोड्यानं पेंड खाल्ली, त्यांना वाटलं की लवू गुरवाच्या घोळदार गाऱ्हाण्यापेक्षा मुद्देसूद मजकूर देवाला सोयीचा पडेल. म्हणून त्यांनी कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला. संध्याकाळी देवळात वाडी जमली. लवूनं नेहमीसारखी सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा, तुझा लेकरू आज तुझ्या पायाकडे इला हा, तेचा मागणा आयक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी ओरडली.

मग काशिनाथराव कोट चढवून पुढे झाले आणि त्यांनी वाचलं: "येत्या सोमवारी, दिनांक तेरा रोजी, सकाळी साडेसातच्या होडीने, चिरंजीव सत्यवान व कुमारी तुळसा या उभयतांस, माझ्या स्वतःच्या देखरेखीखाली, हायस्कुलात दाखल करण्याची देवाने परवानगी द्यावी, ही नम्र विनंती."

इथे 'व्हय म्हाराजा' म्हणायचं की नाही, हे वाडीला कळेना. अर्जाला कुणी व्हय म्हणतं का? दोघेतिघे दबक्या आवाजात म्हणाले. आणि त्या शांततेत डावी पाकळी टपकन खाली पडली.

काशिनाथरावांना पहिल्यांदा वाटलं की आपण चुकीच्या बाजूनं बघतोय. ते दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले. डावीच होती.

"देव नाय म्हणता," लवू म्हणाला.

"पुन्हा विचार."

"मास्तरानू, तोच प्रश्न परत इचारलो तर देव रागावता. तुमच्या पोस्टात तरी एकाच पाकिटाक दोनदा शिक्को मारतास काय?"

देवळाच्या पायऱ्या उतरताना सत्यवान शीळ घालत होता. तुळसा सगळ्यांच्या पुढे झपझप चालली होती. घरी आल्यावर ती मागच्या पडवीत गेली आणि ढसाढसा रडायला लागली. काशिनाथरावांनी तिला गेल्या तीन महिन्यांत एकदाही रडताना पाहिलं नव्हतं. पायात काटा मोडला तेव्हासुद्धा ती काट्यालाच शिव्या देत होती.

"अगो, रडतंस कित्याक?" ते म्हणाले. घाबरले की त्यांची पुस्तकी भाषा गळून पडायची.

"सतरा जण वाट बघतत म्हणान पत्रात लिवला हा ना? माझी जागा गेली. दादाक काय, तो होडयेर जायत. मी खंय जाव? मथुराकाकूवांगडा शेणी थापूक?"

काशिनाथराव तिच्याशेजारी पायरीवर टेकले. अख्खा आठवडा त्यांनी पाढे, लेंगा आणि कोट यांत घालवला होता. त्यांच्या घरात शाळेत जायची इतकी ओढ असलेलं माणूस राहतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. दारात सत्यवान उभा होता. त्याची शीळ केव्हाच थांबली होती.

"मी खंय जायत नाय म्हटलंय?" तो ओशाळून पुटपुटला. "दोन दिस उशिरा जाव, इतक्याच म्हटलंय."

रात्री कुणी नीट जेवलं नाही. रविवारी सकाळी मात्र तुळसा नाक पुसून बापासमोर उभी राहिली. तिच्या हातात तो अर्ज होता.

"बाबा, गणित चुकला तर मास्तर एकेक पायरी तपासतत. तुमी देवाक एका दमात पाच गोष्टी इचारलास. तेका कुठली नको, ता कसा कळतला? एकेक इचारा. मगे तोच प्रश्न परत इचारल्यासारखो होवचो नाय."

काशिनाथराव तिच्याकडे बघतच राहिले. पोरगी नववीतच जाणार होती ना? लवू गुरवालाही तो मुद्दा पटला. देवालाही सोपं, म्हणाला. दुपारी देवळात कालच्या दुप्पट गर्दी झाली. लग्नाला येत नाहीत अशी माणसंही आली. बाबली सगळ्यांत पुढे बसला होता.

"म्हाराजा, सोमवार चलात काय?" लवूनं विचारलं. उजवी पडली.

"साडेसातची होडी?" उजवी.

"चेडू तुळसा शाळेत जाव काय?" लवूचं वाक्य पुरं होईतो उजवी खाली. वाडी ओरडली, "व्हय म्हाराजा!" तुळसा खांबाला धरून उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले.

"झील सत्यवान?" इथं देवानं वेळ घेतला. पाकळी जराशी सरकली आणि थांबली. सत्यवानच्या कपाळावर घाम आला. अकरा गुणांची गोष्ट देवाच्याही कानावर असणार. शेवटी पडली, आणि उजवीच पडली. सत्यवाननं इतक्या मोठ्यानं श्वास सोडला की समई फडफडली.

आता एकच कलम उरलं होतं. लवूनं घसा खाकरला.

"आणि तेंच्या वांगडा तेंचो बापूस काशिनाथ..."

डावी.

लवूनं 'जाव काय' म्हणायच्या आधीच. देवळात कुणी हसलं नाही. सगळे खाली बघत होते आणि सगळ्यांचे खांदे हलत होते. बाबलीला खोकल्याची उबळ आली आणि तो बाहेर गेला. बाहेर जाऊन त्याचा खोकला फारच विचित्र आवाजात फुटला.

काशिनाथरावांना त्या क्षणी काय वाटलं, ते सांगायचं तर त्यांना फार लागलं. अठरा वर्षं त्यांनी गावाची पत्रं पोचवली होती. एक कार्ड हरवलं नव्हतं. आणि देवानं पोराला हो म्हणावं, होडीला हो म्हणावं, सोमवारसारख्या वाराला हो म्हणावं, आणि त्यांना तेवढं नाही! घरी येऊन त्यांनी कोट काढला आणि घडी करायला घेतला. घडी तीनदा चुकली.

पण मानापमान बाजूला ठेवला तरी पेच सुटत नव्हता. हेडमास्तर म्हणत होते पालकासह या. देव म्हणत होता बापाला आणू नका. देवाचं मोडायची गावात कुणाची छाती नव्हती, आणि हेडमास्तर कौल मानणाऱ्यांतले नव्हते, ते घाटावरचे. बाबली पायरीवर येऊन म्हणाला, की तो पालक म्हणून जायला तयार आहे, हेडमास्तरांशी तो इंग्रजीत बोलेल, आगबोटीच्या कप्तानाशी तो इंग्रजीतच बोलायचा. काय बोलायचात, असं तुळसानं विचारलं तेव्हा त्यातला एकच शब्द सभ्य निघाला. मथुराकाकूनं सुचवलं की हेडमास्तरांनाच अलीकडे बोलवावं. काशिनाथरावांनी कळवायला पोस्टकार्ड घेतलं, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की ते पोचायला दोन दिवस लागतील. पोस्टमास्तरांना पोस्टाचा राग यावा, अशी वेळ पहिल्यांदाच आली होती.

सोमवारी सकाळी मुलं तयार होती. सत्यवानचे केस बसवलेले, लेंगा घोट्यापर्यंत. तुळसाच्या दोन वेण्या इतक्या घट्ट की भुवया वर गेल्या होत्या. होडी सुटायला अर्धा तास होता आणि पालकाचा पत्ता नव्हता. काशिनाथराव पडवीत येरझाऱ्या घालत होते.

तेवढ्यात आतून सुभद्राबाई बाहेर आल्या. अंगावर हिरवं लुगडं, हातात छत्री, आणि छत्रीच्याच हातात हेडमास्तरांचं पोस्टकार्ड.

"चला रे," त्या मुलांना म्हणाल्या.

"तू खंय चललंस?"

"शाळेत. ह्या पत्रात 'पालक' असा लिवला हा. 'बापूस' लिवला हा काय, दाखवा बघूया."

काशिनाथरावांनी कार्ड घेतलं आणि वाचलं. आठ दिवसांत ते त्यांनी पंचवीसएक वेळा तरी वाचलं असेल. 'पालक' असंच लिहिलं होतं.

"पण सुभद्रे, देवाक इचारूक नको? थांब, लवूक हाक मारतंय—"

"माझ्याबद्दल देवाक कोणी काय इचारूक नाय," सुभद्राबाई छत्री उघडत म्हणाल्या. "आता इचारूही नकात."

आणि त्या चालायला लागल्या. पुढे त्या, मागे तुळसा, तिच्या मागे सत्यवान. काशिनाथराव धक्क्यापर्यंत गेले. धक्क्यापर्यंत जायला देवानं मना केलं नव्हतं. होडी दूर गेली तेव्हा सत्यवाननं हात हलवला. सुभद्राबाई शाळेच्या बाजूला तोंड करून ताठ बसल्या होत्या.

तो दिवस काशिनाथरावांनी कसा काढला ते विचारू नका. दोन पत्रांवर त्यांनी आदल्या दिवसाचा शिक्का मारला. संध्याकाळच्या होडीनं तिघं परतली, तेव्हा ते धक्क्यावरच उभे होते.

"नाव?" त्यांनी लांबूनच ओरडून विचारलं.

"लागला! दोघांचाय!" तुळसानं होडीतूनच ओरडून सांगितलं.

त्यांनी डोळे पुसले, आणि लगेच वाऱ्याला दोष दिला. घरी चालताचालता हळूच त्यांनी विचारलं, "खुर्ची होती काय गो?"

"होती. डाव्या बाजूक. माका बसा म्हणाले," सुभद्राबाई म्हणाल्या. "बरो माणूस. सत्याच्या गणितासाठी मी तेंका चार शब्द सांगलंय. आता दर म्हयन्याच्या पयल्या सोमवारी पालकान येवन भेटूचा, असा तेंनी ठरवल्यान. मी व्हय म्हणान नाव लिवन इलंय."

"तुझा नाव?"

"मगे काय बाबलीचा?"

"दर म्हयन्याक?" काशिनाथराव थांबले. "अगो, पण घरचा काम, माझा जेवाण, पोस्ट... माका एका शब्दान तरी इचारूचा..."

सुभद्राबाईंनी छत्री मिटली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमची हरकत आसली," त्या म्हणाल्या, "तर देवाक इचारा."

काशिनाथराव त्या दिवशी देवळावरून नाही, मागच्या वाटेनं घरी गेले.